मैदान आधी, महाविद्यालय नंतर

मावळात कबड्डीचा हंगाम भात ठरवतं. जूनमध्ये पाऊस लागला की चार महिने मैदान नावाची गोष्टच उरत नाही. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, म्हणजे पुणे शहराच्या पाचपटीहून जास्त. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांत खाचरं तुडुंब आणि माणसं लावणीत गुंतलेली. दिवाळीच्या आगेमागे कापणी होते, झोडणी उरकते, आणि मग कुठे देवळापुढच्या किंवा शाळेच्या पटांगणात माती भिजवून चोपली जाते, चुन्याच्या रेघा पडतात, बांबूंना दिवे चढतात. तिथून गावोगावच्या जत्रा, शिवजयंती, वाढदिवस असं निमित्त साधत सामने उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत चालतात. मग पुन्हा ढग.

या सामन्यांचे फलक वडगाव, कामशेत, तळेगावच्या नाक्यांवर लागतात. पुढाऱ्यांचे चेहरे आणि बक्षिसांचे आकडे मोठे, ते सगळ्यांनाच दिसतात. वाचण्यासारखी असते खालची बारीक अक्षरं : '६५ किलो वजनी गट', 'एक गाव एक संघ', 'आधार कार्ड सोबत आणावे', 'पंचांचा निर्णय अंतिम राहील'. यातली प्रत्येक ओळ म्हणजे कधीतरी झालेलं एक भांडण आहे. कोणीतरी बाहेरगावचा तगडा गडी आपला म्हणून उतरवला, कोणीतरी ऐंशी किलोचा माणूस पोरांत घातला, कोणीतरी पंचाच्या अंगावर गेलं. पुढच्या वर्षी फलकावर एक ओळ वाढली.

नुसते सामने झाल्याने हंगाम होत नाही. नियम कोणते आणि खेळणार कोण हे आधी ठरावं लागतं, आणि त्यावर शेवटचा शब्द कोणाचा हेही. पहिल्या दोन गोष्टींवर लोक भांडतात. तिसरी ठरली की भांडण थांबतं आणि संघटना सुरू होते. हे जगात सगळीकडे घडलं, पण कुठे ते कॉलेजात घडलं आणि कुठे कॉलेजाच्या कुंपणाबाहेर. कॉलेजातल्या गोष्टीचं सर्वांत गाजलेलं उदाहरण अमेरिकेचं आहे, आणि आपली कबड्डी त्याच्या नेमक्या उलट वाटेने का आली हे समजायला ते आधी पाहिलेलं बरं.

११ जानेवारी १८९५ रोजी शिकागोच्या पामर हाऊस हॉटेलात मध्य-पश्चिमेकडच्या सात शिक्षणसंस्थांचे अध्यक्ष जमले. बोलावणं पर्ड्यू विद्यापीठाच्या जेम्स स्मार्ट यांचं होतं आणि विषय होता फुटबॉल. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो नव्हे. लांबट चेंडू काखेत मारून समोरच्यांना भिडत पुढे घुसायचा तो अमेरिकन प्रकार. तो खेळ कॉलेजच्या पोरांनीच रग्बीतून घडवला होता, नियमही पोरांनीच लिहिले होते, आणि आता तो पोरांच्या हाताबाहेर गेला होता. वर्गात कधी न दिसलेला एखादा धटिंगण सामन्याच्या दिवशी 'विद्यार्थी' व्हायचा. चांगला गडी या शरद ऋतूत एका कॉलेजचा, पुढच्या शरद ऋतूत दुसऱ्याचा. प्रशिक्षकही मैदानात उतरायचे. शिकागो विद्यापीठाचे नामांकित प्रशिक्षक अमोस अलोन्झो स्टॅग १८९२ मध्ये आपल्याच संघातून खेळले होते, आणि त्यात कोणाला फार वावगंही वाटलं नव्हतं. 'एक गाव एक संघ'वाल्या मंडळींना हे सगळं ओळखीचं वाटावं.

वर्षभराने, ८ फेब्रुवारी १८९६ रोजी, सात विद्यापीठांची संघटना उभी राहिली : शिकागो, इलिनॉय, मिशिगन, मिनेसोटा, नॉर्थवेस्टर्न, पर्ड्यू आणि विस्कॉन्सिन. लोक तिला वेस्टर्न कॉन्फरन्स म्हणू लागले. पुढे तीच 'बिग टेन' झाली. तिचं औपचारिक नाव मात्र प्राध्यापक प्रतिनिधींची आंतरमहाविद्यालयीन परिषद असं होतं, आणि सगळी मेख त्यातच होती. प्रत्येक विद्यापीठाने पाठवायचा तो प्राध्यापक. कर्णधार नाही, प्रशिक्षक नाही, माजी विद्यार्थ्यांच्या मंडळाचा देणगीदारही नाही. नियमही त्याच वळणाचे. खेळणारा खराखुरा, पूर्णवेळ शिकणारा विद्यार्थी हवा. पैसे घेणारा चालणार नाही. एका कॉलेजातून दुसऱ्यात आलेल्याने लगेच संघात उतरायचं नाही.

या परिषदेचा १८९६ चा पहिला हंगाम आजच्या डोळ्यांनी पाहिला तर हंगाम म्हणवत नाही. वेळापत्रक नव्हतं. दोन कॉलेजांनी पत्रव्यवहार करून, रेल्वेचा खर्च आणि तिकिटांचा गल्ला यांचा हिशेब मांडून सामना ठरवायचा. विस्कॉन्सिनने परिषदेतल्या संघांशी अवघे तीन सामने खेळले, दोन जिंकले, नॉर्थवेस्टर्नशी ६-६ अशी बरोबरी केली, आणि पहिला विजेता ठरला. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळलंच पाहिजे ही कल्पनाच अजून यायची होती.

खेळही वेगळा. चेंडू पुढे फेकायला बंदी, तीन प्रयत्नांत पाच यार्ड सरकायचं, नाही तर चेंडू समोरच्यांना. साहजिकच संघ दाटीवाटीने, एकमेकांना ढकलत घुसायचे. गुणांची पद्धतही मजेशीर होती. रेषेपार चेंडू टेकवला (टचडाउन) तर ४ गुण, त्यानंतर खांबांमधून लाथ मारली तर आणखी २. पण खेळ चालू असताना उसळत्या चेंडूला लाथ मारून तो खांबांमधून काढला तर तब्बल ५. म्हणजे जिवाचं रान करून रेषा गाठण्यापेक्षा एक नेमकी लाथ भारी. त्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, २६ नोव्हेंबरला, शिकागोच्या कोलिझियममध्ये, छपराखाली आणि विजेच्या दिव्यांत, शिकागो आणि मिशिगन भिडले. तोवर एकही सामना न हरलेल्या मिशिगनने टचडाउन केलं आणि पुढची लाथही साधली : ६ गुण. शिकागोने एकदाही ती रेषा ओलांडली नाही. त्यांना मिशिगनला त्याच्याच रेषेमागे अडवल्याचे २ आणि क्लॅरन्स हर्शबर्गरच्या एका लांब लाथेचे ५ मिळाले. ७-६. मिशिगनचा त्या वर्षीचा हा एकमेव पराभव. गुणांची पद्धत पुढे बदलली. आजच्या हिशेबाने शिकागो हरलं असतं. नियम खेळाला कसा वळवतो हे सांगायला याहून चांगला सामना मला माहीत नाही.

प्राध्यापकांनी 'कोण खेळणार' हे ठरवलं, पण 'कसं खेळणार' हे सुटायला माणसं मरावी लागली. १९०५ च्या हंगामात देशभरात दीड डझनाच्या आसपास तरुण मैदानात जबर दुखापती होऊन दगावले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसवर बोलावून घेतलं. १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली, पाच यार्डांचे दहा झाले, दाटी फुटली आणि खेळ उघडा झाला. देशव्यापी नियामक संस्थाही त्याच वर्षीची. ती अर्थात कॉलेजांचीच.

आता इकडे. १८९६ मध्ये पुण्यात डेक्कन कॉलेज होतं, फर्ग्युसनला अकरा वर्षं झाली होती. कॉलेजांत खेळही होते. पण ते साहेबाचे, क्रिकेट आणि टेनिस. हुतूतू (कबड्डीचं इथलं जुनं नाव), खो-खो, आट्यापाट्या हे खेळ गावात, वाड्याच्या अंगणात, तालमीच्या बाजूच्या मोकळ्या जागेत. कॉलेजातली मुलं सुट्टीत घरी गेली की हुतूतू खेळत असणार, पण कॉलेजच्या जिमखान्यात त्याला जागा नव्हती. अमेरिकेत खेळ आधी कॉलेजात रुजला आणि मग गिरण्या-खाणींच्या गावांत उतरला. महाराष्ट्रात तो आधीच सगळीकडे होता, फक्त कॉलेजात नव्हता.

आणि जे सगळीकडे असतं त्याला एक नियम नसतो. हुतूतूचे तीन ठळक प्रकार होते. संजीवनीत बाद झालेला गडी, आपल्या बाजूने समोरचा एक टिपला की परत उठतो. गामिनीत एकदा बाद झाला तो बाहेर बसला. सगळा संघ संपेपर्यंत त्याला मैदान नाही. अमरमध्ये कोणी बाहेर जातच नाही, नुसते गुण लागतात. हे बारकावे वाटतात, पण तिन्हींतून तीन वेगळे खेळ होतात. गामिनीत तुमचा सर्वांत चांगला गडी पहिल्याच चढाईत टिपला गेला तर पाहणाऱ्याने काय पाहायचं? अमरमध्ये धोकाच नाही, तेव्हा थरारही बेताचा. संजीवनीत मात्र प्रत्येक चढाईला दुहेरी मोल येतं : एक समोरचा जातो आणि आपला एक परत येतो. डाव झुकतो, सावरतो, पुन्हा झुकतो. आजच्या कबड्डीचा ताल याच उठवण्यात आहे, आणि अख्खा संघ बाद केला की मिळणारे लोणाचे दोन जादा गुण ही त्यावरची फोडणी.

कोणता प्रकार धरायचा हे कोणत्याही कुलगुरूने ठरवलं नाही. १९१८ च्या सुमारास साताऱ्याच्या क्रीडाप्रेमींनी नियम बांधायला घेतले. १९२१ मध्ये तिथेच संजीवनी आणि गामिनी यांचा मेळ घालून स्पर्धा झाल्या. १९२३ मध्ये एका समितीने नियम पुन्हा तपासले आणि त्याच वर्षी बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने भरवलेल्या अखिल भारतीय स्पर्धेत ते वापरले गेले. खो-खोने हीच वाट थोडी आधी धरली होती : पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात १९१४ मध्ये त्याचे नियम ठरले. ही वाट कॉलेजातल्या संघांच्या परिषदेची नव्हे, तर गावातल्या जिमखान्यांची आणि व्यायामशाळांची. १९२८ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळ स्थापन झालं आणि मैदानी खेळांचे नियम छापून गावोगाव जाऊ लागले. बडोद्याच्या आबासाहेब मुजुमदारांनी तर १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' काढला. एखाद्या विद्यापीठाने करावं असं ते काम. विद्यापीठाबाहेरच्या माणसाने तडीस नेलं.

या लोकांना कॉलेजची गरज का भासली नाही, याचं एक उत्तर डेक्कन जिमखान्याच्याच इतिहासात आहे. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे दोराबजी टाटा अध्यक्ष होते. पहिल्या महायुद्धानंतर जिमखान्याने शर्यती भरवल्या. लांब पल्ल्याला पुढे आलेली बरीच मुलं शेतकऱ्यांची होती. अनवाणी धावणारी, शर्यतीचं कसलंही शिक्षण नसलेली. दोराबजींना त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंशी ताडून पाहाव्यात अशा वाटल्या. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला संघ गेला तो या जिद्दीतून. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते एकोणिसावे आले. पहिल्याच खेपेला, परक्या थंडीत, दोन तास पन्नास मिनिटांत. पुण्याच्या कॉलेजांना ते कधी ऐकू आलं असेल कोण जाणे.  

लोणावळा या कथेत खऱ्या अर्थाने येतं ते १९२४ मध्ये. त्याआधी मावळने राष्ट्रीय शिक्षणाचा एक प्रयोग पाहिला होता आणि मोडलेलाही पाहिला होता. विष्णू गोविंद विजापूरकरांचं समर्थ विद्यालय तळेगावात चाललं आणि १९१० मध्ये सरकारने ते बंद पाडलं. सरकारी अनुदान न घेणारी शाळा, लाठी-काठी शिकवणारा आखाडा, पोरांना जमवणारं कोणतंही मंडळ, या सगळ्यांकडे इंग्रज सरकार तेव्हा सारख्याच संशयाने बघे. देशी खेळ कॉलेजात न शिरण्याला हेही एक कारण होतं, आणि माझ्या मते ते साहेबी आवडीनिवडींइतकंच वजनदार होतं.

याच राष्ट्रीय शिक्षणाच्या मुशीतून जगन्नाथ गणेश गुणे आले. जन्म ३० ऑगस्ट १८८३, गुजरातेतल्या डभोईचा. शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती मिळवलेला हुशार विद्यार्थी. बडोद्यात राजरत्न माणिकराव यांच्याकडे १९०७ पासून तीन वर्षं देशी व्यायाम शिकले. पुढे अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते. म्हणजे कॉलेज कसं चालतं आणि आखाडा कसा चालतो, हे दोन्ही आतून पाहिलेला माणूस. तेव्हाच्या महाराष्ट्रात असे थोडेच. मालसरच्या परमहंस माधवदासांकडे योग शिकून ते स्वामी कुवलयानंद झाले आणि ऑक्टोबर १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं. त्याच महिन्यात 'योगमीमांसा' नियतकालिकाचा पहिला अंक निघाला. जागेची निवड शहाणपणाची होती. बोरघाटातून १८६३ पासून रेल्वे धावत होती, मुंबई आणि पुणे दोन्ही हाताशी होती, आणि तरी शहराचा गलबला नव्हता.

कुवलयानंदांची ओळख आपल्याला योगाचे शास्त्रज्ञ म्हणून आहे. नौली करताना पोटातला दाब किती उतरतो, क्ष-किरणांत काय दिसतं, प्राणायामात श्वासाचं काय होतं, हे त्यांनी मोजलं. कबड्डीकडे पाहताना हे विसरून चालत नाही, कारण कबड्डी हा श्वासावर घड्याळ बसवलेला खेळ आहे. चढाई करणाऱ्याने सतत 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहायचं. स्पष्ट आणि न थांबता बोलायचं तर श्वास सोडतच राहावा लागतो. आत घ्यायला गेलात की आवाज तुटतो आणि पंच बोट वर करतो. फुप्फुसातली हवा संपली की चढाईची वेळ संपली. घड्याळ, शिट्टी, चेंडू, जाळं, काहीही न लागता वेळेची मर्यादा खेळाडूच्या छातीत ठेवून दिलेली. तीस सेकंदांची मर्यादा आज पंचाच्या घड्याळात आहे, पण ती अलीकडची. आधीची कित्येक वर्षं दम हेच घड्याळ होतं.

पण कैवल्यधामाबाहेरही कुवलयानंदांचं काम होतं आणि त्याची चर्चा कमी होते. १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आल्यावर मुंबई इलाख्यात शारीरिक शिक्षणाचा विचार करायला समिती बसली, अध्यक्ष कुवलयानंद. प्रश्न साधा होता. शाळेत व्यायामाचा तास ठेवायचा, तर तो घेणार कोण? तालमीतला वस्ताद उत्तम शिकवतो, पण त्याला शाळेत नेमायचं तर कागद हवा. शिक्षकाकडे कागद आहे, पण त्याला घोट्याची पकड म्हणजे काय हे माहीत नाही. उत्तर होतं शिक्षक तयार करणारी संस्था, आणि १९३८ मध्ये कांदिवलीला सरकारी शारीरिक शिक्षण प्रशिक्षण संस्था निघाली. पी. एम. जोसेफ तिचे प्राचार्य. या संस्थेतून बाहेर पडलेल्या शिक्षकांनी देशी खेळ शाळेच्या पटांगणात नेले. एरवी हुतूतू आणि शाळा यांच्यामध्ये फक्त मधली सुट्टी होती.

इथे शिकागोचा एक धागा येऊन मिळतो. स्टॅग शिकागोला जाण्याआधी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत होते. बास्केटबॉल शोधणारे जेम्स नाइस्मिथ तिथे त्यांच्या फुटबॉल संघातून खेळले. त्याच स्प्रिंगफिल्डमधून पुढे शिकून आलेले हॅरी क्रो बक भारतात आले आणि १९२० मध्ये त्यांनी मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढलं, देशातलं या विषयाचं पहिलं. अमेरिकेतला कॉलेजचा खेळ आपल्याकडे आला तो असा, शिक्षक घडवण्याच्या पद्धतीतून. खेळ आला नाही. खेळाचा तास आला.

दरम्यान हुतूतू देशाबाहेरही जाऊन आला होता. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. १९३८ मध्ये कलकत्त्याच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत हा खेळ आला. बंगालचा हाडुडू, मद्रासचा चेडुगुडू, पंजाबची कबड्डी आणि आपला हुतूतू यांना एका नियमात आणायचं काम १९५० च्या अखिल भारतीय कबड्डी महासंघाने केलं. १९५२ पासून राष्ट्रीय अजिंक्यपद सुरू झालं. महाराष्ट्रात हे जाळं विणणाऱ्यांत शंकरराव साळवी, सगळ्यांचे बुवा, अग्रभागी. त्यांचा १५ जुलै हा वाढदिवस राज्यात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. या साऱ्या घडामोडींत विद्यापीठं कुठे होती? क्रिकेटची आंतरविद्यापीठ रोहिंटन बारिया स्पर्धा १९३५-३६ मध्ये सुरू झाली. कबड्डीला विद्यापीठांच्या क्रीडामंडळाने खेळ म्हणून घेतलं १९६१ मध्ये. साताऱ्याच्या पहिल्या नियमांनंतर त्रेचाळीस वर्षांनी. तोवर राष्ट्रीय स्पर्धाही जुन्या झाल्या होत्या.

उशीर झाला म्हणून बिघडलं का? मला तसं वाटत नाही. उलट काही बाबतींत बरं झालं. अमेरिकेत खेळाची मालकी कॉलेजांकडे राहिली. पैसा आला तो त्यांच्याकडे आला, आणि मैदानात उतरणाऱ्याला मात्र १८९६ च्या नियमाने 'हौशी' राहावं लागलं. लाखभर लोक बसतील अशी स्टेडियमं बांधली गेली, प्रशिक्षक राज्यपालांपेक्षा जास्त पगार घेऊ लागले, खेळाडूच्या वाट्याला शिष्यवृत्ती. ही भिंत पाडायला सव्वाशे वर्षं लागली. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमावता येऊ लागलं, आणि २०२५ मध्ये न्यायालयातल्या तडजोडीने विद्यापीठांना थेट पैसे द्यायची मुभा मिळाली. त्या सात विद्यापीठांची परिषद आता अठरा विद्यापीठांची आहे, पूर्व किनाऱ्यापासून कॅलिफोर्नियापर्यंत. नाव अजून 'बिग टेन'च.

कबड्डीपटूला हौशीपणाचं सोवळं असं कधी पाळावंच लागलं नाही. मैदानात पहिला पैसा आला तो बक्षिसाचा, मग नोकरीचा. रेल्वे, पोलीस, बँका, मोठे कारखाने यांनी आपले संघ बांधले आणि चांगली चढाई करणाऱ्याला पगारावर घेतलं. महाराष्ट्रात या 'व्यावसायिक' संघांच्या स्पर्धा वेगळ्या भरतात आणि दर्जाने सरस असतात. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली, लिलाव आले, मॅट रुळली; पुणेरी पलटणने दहाव्या हंगामाचं विजेतेपद घेतलं. मातीवर वाढलेल्या पोराला मॅटवर बूट घालून खेळताना आधी पाय सरकत नाहीत, मग गुडघे बोलतात, ही तक्रार जुन्या खेळाडूंकडून हमखास ऐकू येते आणि ती खरीही आहे. चोपलेल्या मातीत टाच किंचित घसरते, त्यामुळे वळताना सांध्यावरचा ताण थोडा उतरतो. मॅट पायाला धरून ठेवते.

नुकसान झालं ते दुसरीकडे. कॉलेज हे खेळ जपण्याचं ठिकाण झालंच नाही. मावळातल्या कॉलेजच्या संघात जी मुलं असतात ती बहुतेक गावातल्या मंडळाने घडवलेली असतात. मध्यरेषेवरून पाय टाकायला, निदान रेषा (चढाई ग्राह्य धरली जाण्यासाठी ओलांडायची रेषा) न चुकता पार करायला, बोनससाठी टाच उचलायला ती गावातच शिकलेली. कॉलेज त्यांना जर्सी देतं, विद्यापीठाच्या विभागीय सामन्याला पाठवतं, जिंकली तर फोटो लावतं. मंडळाने भात कापून झाल्यावर, दिव्याखाली, जे केलं त्यावर कॉलेजचा शिक्का बसतो. प्राध्यापक प्रतिनिधी आहेत, पण खेळावर शेवटचा शब्द त्यांचा नाही. तो जिल्हा संघटनेचा, तिच्याकडच्या नोंदणीचा आणि तिच्या पंचांचा.

विद्यापीठाच्या हातात एक गोष्ट मात्र पुरती आहे : कोण विद्यार्थी आणि कोण नाही हे सांगणं. आंतरविद्यापीठ स्पर्धांसाठी भारतीय विद्यापीठ संघाचे नियम आहेत, त्यांत वयाची कमाल मर्यादा पंचवीस वर्षांची आणि पूर्णवेळ नोकरी करणाऱ्याला मज्जाव. शिकागोच्या पामर हाऊसमधून निघालेला नियम जवळजवळ तसाच. गंमत अशी की इथे तो उलटा लागू पडतो. तिकडे तो नियम बाहेरून आणलेल्या भाडोत्री गड्याला रोखण्यासाठी होता. इकडे एखादा मुलगा दुसऱ्या वर्षाला असतानाच कबड्डीच्या जोरावर पोलिसात किंवा एखाद्या कंपनीत लागतो, आणि कॉलेजचा सर्वांत चांगला चढाईपटू ऐन सामन्यांच्या तोंडावर अपात्र होतो. क्रीडाशिक्षक हळहळतात, घरचे पेढे वाटतात. ज्या नोकरीसाठी तो सातवीपासून मातीत लोळला, ती मिळाल्यावर कॉलेजच्या करंडकासाठी ती नाकारणारा मुलगा मावळात कोणाला भेटलेला नाही.